काळा ठिपका : कीटकांच्या रक्तातील एका विकराचा इतिहास

१८७७ साली कलकत्त्याहून रायपूरला निघालेल्या एका कुटुंबाला नागपूरपर्यंतच आगगाडी मिळाली. पुढचा पंधरवड्याहून अधिक दिवसांचा रस्ता बैलगाडीने, अरण्यातून काटायचा होता. त्या गाडीतील चौदा वर्षांच्या मुलाचे नाव नरेंद्रनाथ दत्त. पुढे जग त्यांना स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. त्यांच्या चरित्रांत या प्रवासातला एक प्रसंग आवर्जून येतो. वाटेत एका डोंगराच्या कड्याला वरपासून खालपर्यंत भेग पडलेली होती आणि तिच्यात मधमाश्यांचे प्रचंड पोळे लोंबत होते. कित्येक वर्षांच्या श्रमाने उभी राहिलेली ती वसाहत पाहताना मुलगा इतका तल्लीन झाला, की काही काळ त्याला बाह्य जगाची शुद्ध राहिली नाही. रायपुरात हे कुटुंब बूढापारा भागात राहिले आणि सुमारे दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, कलकत्त्याला परतले. बूढापाऱ्याच्या तलावाला आज विवेकानंद सरोवर असे नाव आहे. जुने रायपूरकर मात्र त्याला बूढा तालाबच म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली असल्यामुळे मराठी माणसाला हा परिसर परका नाही.

त्याच १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर दुसऱ्या एका कीटकाकडे पाहत होता. हत्तीरोगाच्या जंतांनी बाधित माणसाचे रक्त प्यायलेले डास तो सूक्ष्मदर्शकाखाली उघडत होता. जंताची पिल्ले डासाच्या शरीरात शिरून वाढतात, असे त्याला आढळले. माणसाच्या रोगाचा परजीवी कीटकाच्या देहात वाढतो, हे प्रथमच ठामपणे दिसत होते.

पोळ्याकडे थक्क होऊन पाहणारा मुलगा आणि डास चिरून पाहणारा डॉक्टर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु या दोन दृश्यांमध्ये एक समान प्रश्न दडलेला होता. मधमाश्यांचे पोळे म्हणजे ऊब, ओल, साखर आणि दाटी. जिवाणूंना व बुरशीला याहून सोयीची जागा नाही. डासाचे पोट म्हणजे परक्या जीवांचे प्रवेशद्वार. माणसाच्या शरीरात अशा वेळी प्रतिपिंडे तयार होतात, लसीका पेशी जुन्या शत्रूची आठवण ठेवतात. कीटकाजवळ प्रतिपिंडे नाहीत, तशा लसीका पेशीही नाहीत. मग तो टिकतो कशाच्या बळावर?

या उत्तराचा एक मोठा भाग कीटकाच्या शरीरावर काळ्या अक्षरांत लिहिलेला असतो. जखम झाली, बुरशी शिरली, परजीवीने आत घर केले, की त्या जागी काळा ठिपका उमटतो. हा ठिपका माणसांनी शतकानुशतके पाहिला. पण तो काय सांगतो आहे, हे समजायला फार वेळ लागला. कधी त्याला रोग समजले गेले, कधी रोगजंतू आणि कधी विजयाची खूण. या तिन्ही वाचनांमध्ये थोडे थोडे सत्य होते आणि तिन्ही अपुरी होती.

प्रत्यक्ष घटना स्वयंपाकघराच्या ओळखीची आहे. वांगे चिरून ठेवले की काही मिनिटांत काळे पडते. बटाटा आणि सफरचंद तपकिरी होतात. वनस्पतीच्या पेशी फुटल्यावर त्यांतील फिनॉल वर्गातील द्रव्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तो संयोग घडवणारा एक विकर, म्हणजे एन्झाइम, पेशींतच असतो. चिरलेल्या फोडी पाण्यात टाकण्याची घरोघरची रीत म्हणजे या विकराला हवेपासून दूर ठेवण्याची युक्ती होय. रेशमाच्या अळीला टाचणी टोचून बाहेर आलेला रक्ताचा थेंब कागदावर ठेवला, तर तोही असाच आधी पिवळसर, मग तपकिरी आणि अखेरीस काळा होतो. कीटकाच्या या रक्ताला हिमोलिंफ म्हणतात. ते नलिकांमध्ये बंदिस्त नसते. अवयव त्यातच बुडालेले असतात. त्यामुळे एका जागी शिरलेला जंतू थोड्याच वेळात सर्वत्र पोहोचू शकतो. ज्याच्या घराला आतल्या भिंतीच नाहीत, त्याला उंबरठ्यावरच पहारा ठेवावा लागतो.

या काळ्या ठिपक्याने पहिल्यांदा राष्ट्राचे लक्ष वेधले ते फ्रान्समध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण फ्रान्समधील रेशीमउद्योग एका साथीने मोडकळीस आला. अळ्या खाणे सोडत, वाढ खुंटे आणि अंगावर मिरपूड शिंपडावी तसे बारीक काळे ठिपके दिसू लागत. तिकडच्या प्रादेशिक भाषेतील मिरीच्या शब्दावरून आर्मां द कात्रफाज या निसर्गशास्त्रज्ञाने रोगाला ‘पेब्रीन’ हे नाव दिले. रोगाची ओळखच ठिपक्यावरून झाली. शेतकरी ठिपक्यांना घाबरत, अभ्यासक ठिपके मोजत.

१८६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त द्यूमा यांच्या आग्रहावरून लुई पाश्चर आलेस या गावी गेला. तोवर त्याने रेशमाची अळी हाताळलेली नव्हती. बाधित अळ्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली लंबगोल, चकाकणारे कण दिसतात, हे इटालियन अभ्यासकांनी आधीच नोंदवले होते. पाश्चरचेही प्रारंभी चुकले. हे कण बाहेरून आलेले जीव नसून रोगामुळे शरीरातच निर्माण होतात, असे त्याला वाटत होते. पुढील काही वर्षांच्या कामातून त्याचे मत बदलले आणि १८७० मध्ये त्याने रेशीमकिड्यांच्या रोगांवरील दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील व्यावहारिक उपाय साधा होता : मादी पतंगाने अंडी घातल्यावर तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, कण दिसले तर तिची अंडी नष्ट करावीत.

या उपायातला महत्त्वाचा विचार असा, की त्यात ठिपक्याला स्थान नाही. ठिपके नसलेली अळीही बाधित असू शकत होती. कारण ठिपका हा रोगजंतू नव्हता. जंतूंनी व्यापलेल्या त्वचेखालील पेशींना शरीराने दिलेला तो काळा प्रतिसाद होता. पाश्चरने खूण बाजूला सारून कारण शोधले आणि उद्योग सावरला. पण खुणेचा अर्थ मात्र तसाच राहिला. रोगजंतूंच्या शोधाने भारलेल्या त्या काळात आश्रयदात्याचे शरीर काय करते आहे, हा प्रश्न दुय्यम ठरला.

दुसरे वाचन भारतात झाले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीची पुटी सापडली. १८९८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले आणि परजीवीचा डासाच्या लालाग्रंथीपर्यंतचा सगळा मार्ग उलगडला. या कामात त्यांना काही पुट्यांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली : गडद तपकिरी-काळ्या रंगाचे, जाड आवरणाचे लांबट कण. परजीवीच्या जीवनचक्रातील हा आणखी एक टिकाऊ टप्पा असावा, असा त्यांचा तर्क होता. पुढे हे कण ‘रॉसचे काळे बीजाणू’ या नावाने ग्रंथांत वावरू लागले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांचा वेगळा अर्थ लावला. ते बीजाणू नव्हते; डासाने मेलॅनिनच्या थराखाली गाडून टाकलेले परजीवीचे अवशेष होते. ज्या डासाने हिवताप कसा पसरतो हे रॉसना सांगितले, त्याच डासाने तो कधीकधी कसा थांबतो हेही दाखवले होते. त्या दिवसांत प्रश्न पहिला होता, म्हणून उत्तरही पहिलेच वाचले गेले. रॉसना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. तरी त्यांच्या काचपट्ट्यांवर दुसरा शोधही पडून होता.

काळेपणा नेमका कोठून येतो, याचे उत्तर वैद्यकातून नव्हे तर रसायनशास्त्रातून आले. १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने लाखेच्या रोगणासारखे काम देणाऱ्या एका झाडाच्या चिकाचा अभ्यास करून दाखवले, की तो चीक कठीण व काळा होण्यामागे एक विकरासारखे द्रव्य आहे. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये गॅब्रिएल बर्ट्राँ याने या धाग्याचा पाठपुरावा केला. कापल्यावर काळी पडणारी आळंबी घेऊन त्याने व एमिल बुर्कलो याने टायरोसिन या अमिनो आम्लाला काळे करणारा विकर वेगळा ओळखला. त्याचे नाव टायरोसिनेज. लवकरच पिठातील किड्यांमध्ये आणि पाठोपाठ कीटकांच्या रक्तातही हा गुण सापडला. १९३० च्या दशकात, बटाटा आणि आळंबीतील अशा विकरांवर काम करताना, त्यांच्या केंद्रस्थानी तांबे असल्याचे सिद्ध झाले. तांब्याचे दोन अणू शेजारी बसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत ऑक्सिजनचा रेणू पकडतात. पकडलेला ऑक्सिजन फिनॉलवर टाकला जातो आणि क्विनोन नावाची अत्यंत चंचल द्रव्ये तयार होतात. क्विनोनांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन शेवटी मेलॅनिनचा काळा, न विरघळणारा गाळ जमतो. कीटकांमधील या विकराला आज फिनॉलऑक्सिडेज म्हणतात.

येथे एक अडचण उभी राहते. हा विकर रक्तात सदैव तयार असेल आणि ऑक्सिजनही तेथे असेल, तर कीटक आतूनच काळा पडून मरत का नाही? अमेरिकेत आयोवा येथे जोसेफ बोडीन आणि त्यांचे सहकारी टोळांच्या अंड्यांवर काम करत होते. १९३० च्या दशकात त्यांना आढळले, की अंड्यांत हा विकर निष्क्रिय पूर्वरूपात साठवलेला असतो आणि विशिष्ट रासायनिक प्रक्रियेनंतरच जागा होतो. म्हणजे दारूगोळा कोठारात आहे, पण वात पेटवलेली नाही.

वात कोण पेटवतो, याचे उत्तर रेशमाच्या अळीनेच दिले. मासाकी आशिदा या जपानी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये रेशमाच्या अळीच्या रक्तातून हे पूर्वरूप, प्रोफिनॉलऑक्सिडेज, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतरच्या कामातून दिसले, की एक प्रथिनछेदक विकर या पूर्वरूपाचा एक लहान तुकडा कापतो आणि तेव्हाच तांब्याच्या अणूंपाशी जाण्याची वाट मोकळी होते. हा छेदकही सुरुवातीला निष्क्रिय असतो. त्याला दुसरा छेदक जागा करतो, दुसऱ्याला तिसरा. मानवी रक्त गोठण्याची साखळी अशाच पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर मोजके रेणू जागे झाले, तरी प्रत्येक पायरीवर एक विकर पुढचे अनेक जागे करतो. म्हणून सूक्ष्म इशाऱ्याला मोठा प्रतिसाद मिळतो. स्वीडनमधील उप्साला येथे केनेथ सोडरहॉल आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील झिंगेवर्गीय प्राण्यात हीच साखळी उलगडली.

पण पहिला इशारा कसला? या प्रश्नातून जीवशास्त्राला एक मोठी देणगी मिळाली. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची शर्करामय द्रव्ये असतात. जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकान असते. कीटकाच्या स्वतःच्या शरीरात यांपैकी काहीच तयार होत नाही. म्हणून ही द्रव्ये रक्तात आढळणे म्हणजे परका आत आल्याचा पुरावा. आशिदा यांच्या गटाने रेशमाच्या अळीच्या रक्तातून आधी बीटा-ग्लुकान ओळखणारे प्रथिन आणि मग, १९९६ मध्ये, पेप्टिडोग्लायकान ओळखणारे प्रथिन वेगळे केले. त्याच कुळातील प्रथिने पुढे फळमाशीत सापडली, उंदरात सापडली आणि माणसातही सापडली. जन्मजात प्रतिकारशक्ती आपल्यातील आणि कीटकांतील किती जुना सामाईक वारसा आहे, हे दाखवणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक महत्त्वाचा पुरावा. काळ्या पडणाऱ्या रक्ताचा पाठलाग करत गेलेली वाट अशी माणसापर्यंत पोहोचली. त्याच गुणाचा उपयोग करून जपानमध्ये रेशमाच्या अळीच्या रक्तद्रवापासून एक चाचणीही तयार झाली : नमुन्यात जिवाणू किंवा बुरशीच्या भिंतीचा अंश असेल तर द्रव काळवंडतो.

१९९५ मध्ये आणखी एक आश्चर्य समोर आले. त्या एका वर्षात रेशमाची अळी, तंबाखूवरील अळी, फळमाशी आणि झिंगेवर्गीय प्राणी यांच्यातील पूर्वरूपाची जनुकीय रचना वाचली गेली. हा विकर माणसाच्या त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेजचा जवळचा नातेवाईक निघेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात त्याचे जवळचे नाते निघाले हिमोसायनिनशी. खेकडा, विंचू आणि कोळी यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे आणि त्या रक्ताला निळसर छटा देणारे हेच ते प्रथिन. तांब्याच्या अणूंची तीच जोडी एका प्रथिनात ऑक्सिजन अलगद धरून हव्या त्या जागी सोडते आणि दुसऱ्यात तोच ऑक्सिजन शस्त्रासारखा वापरते. बहुतेक कीटक ऑक्सिजन श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत नेतात. त्यांना रक्तातून तो वाहण्याची फारशी गरज उरली नाही. पण तांब्याची ती जुनी कारागिरी संरक्षणाच्या कामी राहिली.

शस्त्र दुधारी आहे, हेही हळूहळू स्पष्ट झाले. क्विनोन आणि त्यांच्याबरोबर निर्माण होणारी ऑक्सिजनची विध्वंसक रूपे शत्रू आणि स्वकीय असा भेद करत नाहीत. पिठातील किड्यांवरील २००६ च्या एका प्रयोगात दाखवले गेले, की या प्रतिसादाने किड्याच्या स्वतःच्या अवयवांना इजा होते. म्हणून निसर्गाने साखळीवर अनेक कुलपे लावली आहेत. पूर्वरूप तयार करणाऱ्या रक्तपेशी त्याला सहजी बाहेर सोडत नाहीत; पेशी फुटते तेव्हाच ते मोकळे होते. सर्पिन नावाची प्रथिने छेदकांना अडकवून साखळी तोडतात. फळमाशीत असे एक सर्पिन काढून टाकले, तर जखम नसलेल्या जागीही शरीर काळवंडते. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ प्रहार करण्याची ताकद नव्हे. योग्य जागी, योग्य वेळी आणि मर्यादेत प्रहार करणे हा तिचा अधिक कठीण भाग आहे.

तिसरे वाचन, म्हणजे ठिपका दिसला की शत्रू ठिपक्यानेच मेला, हे सर्वांत मोहक होते. १९८६ मध्ये अमेरिकेतील फ्रँक कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील हिवतापवाहक ॲनॉफिलीस डासाचा असा एक वाण निवडीने तयार केला, की त्यात शिरलेले परजीवी जठराच्या भिंतीपाशीच काळ्या वेष्टनात गाडले जात. रॉस यांचे ‘काळे बीजाणू’ आता हव्या त्या वेळी प्रयोगशाळेत पाहता येत होते. असे डास निसर्गात सोडले तर हिवताप थांबेल, अशी आशा निर्माण झाली.

पुढच्या वीस वर्षांनी ती आशा शिस्तीत आणली. २००४ मध्ये डासाच्या रक्तातील टेप-१ या प्रथिनाचा हात यामागे असल्याचे दाखवले गेले. ते परजीवीच्या अंगावर बसून त्याला मारते आणि कित्येकदा काळे आवरण मेलेल्या परजीवीवर नंतर चढते. तेव्हा ठिपका हा प्रहार नसून अंत्यविधीही असू शकतो. २००६ मध्ये फळमाशीवरील एका अभ्यासाने म्हटले, की अनेक जिवाणूंविरुद्ध ही साखळी चालू झाली नाही तरी माशी वाचते. २००७ मध्ये डासांबाबतही तसाच निष्कर्ष आला. मग २०१४ मध्ये फळमाशीतील या विकराची दोन जनुके पूर्णपणे काढून प्रयोग झाले, तेव्हा अशा माश्या काही जिवाणू आणि बुरशी यांच्यापुढे स्पष्टपणे दुबळ्या ठरल्या. आधीचे प्रयोग खोटे नव्हते. त्यांत साखळीची एक वाट बंद होती, विकर मात्र शिल्लक होता. आज चित्र असे आहे, की शत्रू कोणता, कीटक कोणता आणि जागा कोणती यांवर या विकराचे महत्त्व ठरते. आफ्रिकेतील परजीवी तेथील डासांच्या पहाऱ्याला चुकवण्यात तरबेज झालेला आहे, म्हणून निसर्गात हे काळे वेष्टन क्वचितच दिसते.

येथून पुन्हा बूढापाऱ्याच्या तलावापाशी येता येते. मॅन्सनने १८७७ मध्ये पाहिलेला हत्तीरोग छत्तीसगडात आणि शेजारच्या पूर्व विदर्भात अजूनही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. २०२७ पर्यंत देशातून त्याचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने जाहीर केले आहे. त्याचा वाहक क्युलेक्स डास गटारांच्या आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. याच वस्त्यांमध्ये, शौचालयाच्या टाक्यांतून, आर्मिजेरिस नावाचा थोराड डासही वाढतो. प्रयोगशाळांमध्ये या आर्मिजेरिसने शास्त्रज्ञांना चकित केले आहे. हत्तीरोगाच्या जंतांपैकी ब्रुगिया मलायी या जातीची पिल्ले त्याच्या रक्तात शिरली, की थोड्याच काळात काळ्या आवरणाखाली बंद होतात. परंतु त्याच जंताची जवळची बहीण ब्रुगिया पहांगी त्याच डासात सुखाने वाढते. विकर तोच, रक्त तेच, जंत जवळजवळ तसाच; फरक ओळखण्यात आहे. आणि भारतातील हत्तीरोगाचा मुख्य जंत वुचेरेरिया बँक्रॉफ्टी क्युलेक्सच्या शरीरात असा अडवला जात नाही. एकाच वस्तीतल्या दोन डासांपैकी एकाने रोग वाहावा आणि दुसऱ्याने विशिष्ट जंताला वाटेतच गाडावे, हा भेद रसायनाच्या पातळीवर समजणे म्हणूनच निव्वळ कुतूहलाचा विषय नाही.

छत्तीसगडच्या दुसऱ्या कीटकाची गोष्ट उपजीविकेची आहे. चांपा, कोरबा, रायगड या भागांतील कोशाचे कापड प्रसिद्ध आहे; गडचिरोली आणि भंडारा जिल्ह्यांतही टसराची जुनी परंपरा आहे. टसराची अळी घरात तबकांवर नव्हे, तर ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढते. ऐनाला छत्तीसगडात साजा म्हणतात. उघड्यावर वाढणाऱ्या या अळीला ऊन, पाऊस, पक्षी, मुंग्या आणि रोग यांच्याशी रोज सामना करावा लागतो. तिच्या शत्रूंमध्ये उझी माशी कुप्रसिद्ध आहे. ही माशी अळीच्या कातडीवर अंडे घालते. त्यातून निघालेला किडा कातडी भोकसून आत शिरतो आणि त्या जागी काळा डाग उमटतो. रेशीम उत्पादकाला माशीचा प्रादुर्भाव कळतो तो याच डागावरून. तो डाग म्हणजे फिनॉलऑक्सिडेजचेच काम. परंतु या माशीच्या कुळातील कित्येक जाती आश्रयदात्याच्या प्रतिकाराचाच उपयोग करून घेतात. त्यांच्याभोवती जमणाऱ्या काळ्या, कठीण आवरणाला नळीचा आकार येतो, तिचे तोंड हवेकडे उघडे राहते आणि आतला किडा तिच्यातून श्वास घेतो. ज्या भिंतीने गुदमरावे, तिचाच धुराड्यासारखा उपयोग होतो. डाग दिसला, प्रतिकार झाला, तरीही अळी गेली.

पेब्रीन टसरालाही होतो. तेथेही ठिपके कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. म्हणूनच रोगमुक्त अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत आजही मादी पतंगाला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत चालते. आलेसमध्ये ठरलेली ती रीत दीडशे वर्षांनंतरही टिकून आहे, कारण ती खुणेवर नव्हे तर कारणावर नजर ठेवते. आदिवासी कुटुंबाचा एका हंगामाचा मेहनताना कित्येकदा त्या काचपट्टीवरील काही कणांवर अवलंबून असतो.

तरीही ठिपक्याकडे दुर्लक्ष करणे हा या इतिहासाचा बोध नव्हे. पाश्चरने तो बाजूला ठेवला तेव्हा त्याच्यापुढील प्रश्नासाठी ते बरोबर होते. रॉस यांनी त्याला परजीवीचे अंग मानले तेव्हा त्यांच्या हाती असलेल्या पुराव्याच्या मर्यादेत ते समजण्यासारखे होते. कॉलिन्स यांच्या डासांनी जागवलेली आशाही अवाजवी नव्हती. प्रत्येक पिढीने ठिपक्याला आपला प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नापुरते उत्तर घेतले. आशिदा यांनी विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता : हे रक्त काळे होते कसे आणि एरवी होत नाही ते का? रोगाशी थेट संबंध नसलेल्या त्या प्रश्नाने जिवाणू ओळखणारी प्रथिने हाती दिली आणि ती माणसाच्या शरीरातही सापडली.

टसराच्या अळीत, आर्मिजेरिसमध्ये आणि आपल्या भागातील ॲनॉफिलीसमध्ये ही साखळी नेमकी कोणत्या पायरीवर वेगळी चालते, हे तपशीलवार उलगडण्यासारखे काम आजही भरपूर आहे. त्याला लागणारी सामग्री फार दूरची नाही. रायपूरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला साजाच्या झाडावरची अळी, गटारातला डास, एक सूक्ष्मदर्शक आणि वेळ मोजायचे घड्याळ एवढे मिळाले, तरी रक्ताचा थेंब किती मिनिटांत काळवंडतो हे तो नोंदवू शकतो. योशिदाच्या चिकापासून आशिदांच्या अळीपर्यंतचा प्रवास अशाच नोंदींनी घडला आहे.